दुहेरी रेघ

जबलपूरच्या विजय नगरातल्या त्या घरात एक नातं दाराच्या आतच राहायचं. घरात असली की विनता सासूला आत्या म्हणायची, उंबऱ्याबाहेर पाऊल पडलं की आई. आणि समोरच्या मिश्राइन भाभी भाजीच्या ठेल्याशी उभ्या असल्या, तर सरळ मम्मीजी. सुरुवातीला जीभ अडखळायची. मग सवय झाली, नव्या चपलेची होते तशी. चप्पल चावायची थांबत नाही, पाऊलच निबर होतं.

शकुआत्या म्हणजे विनताच्या वडिलांची सख्खी बहीण. रामरावांचा जबलपूरजवळच्या पाटणला धान्याचा व्यापार, हिवाळ्यात हिरव्या मटाराची आडत. विनता लहान होती तेव्हाच तिची आई गेली. दिवसांना आलेल्या आत्याने कोपऱ्यात बसलेल्या पोरीला पुढ्यात ओढलं, तिच्या डोक्यात वाटीभर तेल जिरवलं, केसांतल्या गुठळ्या एकेक करून सोडवल्या आणि मागे वळून न बघताच भावाला म्हणाली, "दादा, ही पोरगी मी परक्याच्या घरी जाऊ देणार नाही. माझ्या दिवाकरसाठी ठेव."

मामाची पोर करणं मराठी घरात काही जगावेगळं नाही. उलट देण्याघेण्याची भानगड नाही, पोरीला सासुरवास नाही, माणसं माहितीतली. विनताला तर आनंदच झाला होता. लग्नात पाठवणीच्या वेळी बायका रडायला लागल्या, तेव्हा हिला रडूच येईना. जायचं कुठे, तर आत्याकडे.

पण जबलपुरात ही गोष्ट उघड्यावर मांडायची सोय नव्हती. पूर्वी आत्या गढा मोहल्ल्यात भाड्याने राहायची, तेव्हा गल्लीतल्या एका मराठी घरात असंच लग्न झालं होतं. नळावर बायका काय हसल्या! "इनके यहाँ तो राखी उतारी और फेरे पड़ गए!" एकीने तोंडाला पदर लावला, दुसरीने थू केलं. आत्या बादली अर्धी भरलेली तशीच उचलून घरी आली. त्या घरच्या नव्या सुनेला मग वर्षभर कुणी हळदीकुंकवालाही बोलावलं नाही.

म्हणून दिवाकर-विनताचं लग्न पाटणला झालं, मोजक्या माणसांत. आणि विजय नगरात आत्याने सांगून टाकलं, "बहू वर्धा की है. जान-पहचान में से." वर्धा का, तर कॉलनीतलं कुणी कधी वर्ध्याला गेलं नव्हतं.

तेव्हापासून रामराव मटाराचं पोतं घेऊन आले की सख्खी बहीण दारात व्याह्याला म्हणावं तसं म्हणायची, "आइए समधीजी." रामराव गालातल्या गालात हसत चपला काढायचे. आत आले, दार लागलं, की म्हणायचे, "शके, समधीला पाणी दे आधी." भाऊबीज व्हायची ती पुढच्या खोलीचा जाड निळा पडदा ओढून. पाटाखाली रांगोळीची दोन बोटं, निरांजन विझेपर्यंत सगळे हळू बोलणार. मिश्राइन भाभींनी एकदा डोळे बारीक करून विचारलंच, "आपके समधी जी का बड़ा मन लगता है आपके यहाँ. हमारे तो बुलाने पे नहीं आते!" त्या संध्याकाळी आत्या आणि विनता स्वयंपाकघरात एकमेकींच्या अंगावर कोसळत हसल्या होत्या. हसायचे दिवस होते ते.

मग रेवा झाली. नर्मदेचं नाव ठेवलं, कारण बारशाआधी आत्याने तिला ग्वारीघाटावर नेऊन मैयाच्या पाण्याचं बोट तिच्या ओठांना लावलं होतं. रेवा गोरी नव्हती, गुटगुटीत नव्हती, पण डोळे असे की रिक्षावाला वळून बघायचा. बोलायला लागली ती धड मराठी नाही, धड हिंदी नाही. "आजी, चिडिया उडून राहिली!" दिवाकर ऑफिसातून आला की हिच्या वाक्यांची उजळणी व्हायची.

तिसरं सरलं त्या उन्हाळ्यात एकदा घाटावरून परतल्यावर तिचे गाल लाल झाले. नाकावरून दोन्ही गालांवर, फुलपाखराने पंख टेकवावे तसे. ऊन लागलं असेल म्हणून आत्याने काकडीचा रस लावला. लाली गेली नाही. मग ताप. मग तोंडात फोड. मग एके सकाळी रेवा पलंगावरून उतरायलाच तयार होईना. "मम्मी, पाय रुसला," म्हणाली. गुडघा हाताला गरम लागत होता.

मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी खूप तपासण्या केल्या. हा संधिवाताच्या घराण्यातला आजार आहे म्हणाले, ल्युपस. अंगाचं रक्षण करणारी यंत्रणाच अंगावर उलटते. हा आजार बहुतेक मोठ्या बायकांना होतो. इतक्या लहान मुलीला झालेला त्यांनी फारसा पाहिला नव्हता. कागदावरून मान वर न करता त्यांनी विचारलं, "पति-पत्नी की आपस में कोई रिश्तेदारी? शादी से पहले की?"

विनताने तोंड उघडायच्या आत आत्या बोलली, "राम राम! हम लोगों में नहीं होता जी."

डॉक्टर पुढच्या प्रश्नाला लागले. दिवाकर वर पंख्याकडे बघत होता. विनता रेवाच्या फ्रॉकची झालर बोटांत धरून चुण्या घालत राहिली. बाहेर आल्यावर ती म्हणाली, "आत्या, सांगायला पाहिजे होतं का गं?"

"काहून? तुझ्या माझ्या नात्यानं तिचा गुडघा सुजला का? तिथं रांगेत कॉलनीतले तिघं बसले होते, दिसले नाही तुला? चल, ऊन होऊन राहिलं, पोरीला झाक."

विनताला ते पटलं. पटवून घेतलं म्हणा. डॉक्टरांना महत्त्वाचं वाटलं असतं तर त्यांनी पुन्हा नसतं विचारलं?

ऊन हा रेवाचा वैरी झाला. मग तो भाऊबिजेचा निळा पडदा रोजच ओढला जाऊ लागला. सकाळी खिडकीतून पुढच्या खोलीत जी उन्हाची लांब पट्टी पडायची, ती पडेनाशी झाली. रेवा पडद्यामागे बसून बाहेरच्या पोरांचे आवाज ऐकायची. "मम्मी, धूप गेली?" हा तिचा दिवसभराचा प्रश्न. "जाईल, बाळा." संध्याकाळी धूप गेली की ती गल्लीत यायची, तोवर पोरं अभ्यासाला घरी गेलेली असायची. मग विनताच तिच्याशी लंगडी खेळायची. पुढे पोटात दुसरं बाळ आलं, तेव्हा लंगडी सुटली आणि दोघी पायरीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्या गाड्यांचे रंग ओळखायला लागल्या.

औषधांनी रेवाचा चेहरा चंद्रासारखा गोल झाला. मिश्राइन भाभी कौतुकाने म्हणायच्या, "अब लगी है बच्ची को देह!" विनता हसून मान हलवायची आणि आत येऊन भिंतीला टेकायची. केस गळायला लागले तेव्हा आत्याने जुन्या लुगड्याची मऊ टोपी शिवली. वरच्यावर ताप, वरच्यावर दवाखाना. बरं वाटतंय म्हणेपर्यंत पुन्हा खोकला.

मुलगा झाला तेव्हा आत्याने त्याचं नाव धड ठेवूच दिलं नाही. "नथ्थूच म्हणा. कोणाचं लक्ष नको जायला." रेवा त्याच्या मुठीत बोट अडकवून तासन् तास बसायची.

नथ्थू बसायला लागला होता त्या सुमाराला रेवाला पहिल्यांदा झटका आला. दूध पिता पिता डोळे फिरले, हातपाय ताठ झाले. दवाखान्यात शुद्धीवर आली तेव्हा तिला विनताचं नाव आठवेना. दुपारी आठवलं. मधले काही तास विनता कशी जगली, ते तिचं तिला ठाऊक.

दोन दिवसांनी वॉर्डात एक बुटक्या, सावळ्या डॉक्टरीणबाई आल्या. हैदराबादच्या एका संशोधन संस्थेतून. नाव शैलजा. ज्यांना फार लहान वयात ल्युपस होतो, अशा मुलांच्या रक्तातली जनुकं तपासायचं त्यांचं काम. गावोगावच्या दवाखान्यांतून अशी मुलं शोधत फिरत होत्या. हिंदी बोलायच्या तीही एकेक शब्द निवडून. रेवाच्या पलंगावरच बसल्या.

"रेवा, तुझे पता है तेरे अंदर क्या हो रहा है?"

रेवाने नाही म्हणून मान हलवली.

त्यांनी सांगितलं ते विनता जन्मात विसरणार नव्हती. अंगात रोज लाखो जुन्या पेशी मरतात. मेलेलं उचलून नेणारं एक प्रथिन रक्तात असतं. ते नसलं तर कचरा साचतो, आणि अंगातल्या पहारेकऱ्यांना तो कचराच शत्रू वाटायला लागतो. ते त्याच्यावर तुटून पडतात, आणि मार बसतो आपल्यालाच. काही मुलांत हे प्रथिन जन्मापासूनच बनत नाही.

"तो कचरा गाडी बुला लो ना," रेवा म्हणाली. "हमारे यहाँ रोज़ आती है. गाना बजाती है."

शैलजाबाई इतक्या जोराने हसल्या की शेजारच्या पलंगावरचं बाळ दचकून जागं झालं. "वही ढूँढ रहे हैं, बेटा. तेरी कचरा गाडी."

नेमक्या त्याच वेळी मिश्राइन भाभी भेटायला आल्या. हातात खव्याच्या जिलब्यांचा पुडा, रेवाला आवडतात म्हणून कमानिया गेटापासून आणलेला. आत्याने त्यांना स्टूल दिलं आणि स्वतः उभी राहिली.

शैलजाबाईंनी कोरा कागद काढला. एक चौकोन काढला, हा बाप. एक गोल, ही आई. मध्ये एक आडवी रेघ. खाली दोन फांद्या, रेवाचा गोल काळा केलेला. मग वर वळल्या, आजी-आजोबांकडे. "आपका मायका?"

"वर्धा," आत्याने विनताऐवजी सांगितलं.

"नाही!" रेवा म्हणाली. "पाटणचे आजोबा मटर आणतात."

"ती पोर. तिला काय समजतं," आत्या मराठीत पुटपुटली. मिश्राइन भाभी पुड्याची सुतळी सोडता सोडता थांबल्या.

शैलजाबाईंच्या लक्षात आलं की नाही, कळलं नाही. पेन टेकवून त्या साध्या आवाजात म्हणाल्या, "एक बात सबसे पूछती हूँ. माता-पिता में खून का रिश्ता हो, तो ये बीमारी अक्सर एक ही बिगड़ी चीज़ दोनों तरफ़ से मिलने से होती है. तब हमें पता रहता है कि पहले कहाँ देखना है. यहीं एक छोटी जाँच से इशारा मिल जाता है, इलाज भी बदल सकता है. रिश्ता न हो, तो सैंपल बाकियों के साथ लाइन में लगेगा. महीनों लगते हैं." आणि आत्याकडे बघून विचारलं, "तो, कोई रिश्ता?"

आत्याचे ओठ हलले. विनताला ठाऊक होतं काय येणार. तेच, राम राम. तिला एका क्षणात सगळं दिसलं: स्टुलावरच्या मिश्राइन भाभी, उद्याची गल्ली, नळावरचं ते थू, अर्धी भरलेली बादली. आणि पलंगावर लुगड्याच्या टोपीखालचे ते दोन डोळे, ज्यांना काही तास ती ओळखू आली नव्हती.

"आत्या," विनता म्हणाली. मोठ्याने. चार माणसांत, पहिल्यांदाच. "आत्या, सांग ना गं."

आत्याने खिडकीचा गज घट्ट पकडला होता.

"ये मेरी बुआ हैं," विनताच म्हणाली. "सगी. मेरे पिताजी की बहन. मैं वर्धा की नहीं हूँ." तिने रेवाचा हात धरला. "पहले वाले डॉक्टर ने भी पूछा था. हमने नहीं बताया."

शैलजाबाईंनी आडव्या रेघेखाली, तिला चिकटून, आणखी एक रेघ ओढली. खून का रिश्ता हो तो दो लकीरें, एवढंच म्हणाल्या. मग वर बघितलं तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर ना आश्चर्य होतं ना दया. "मेरे नाना और मेरी दादी सगे भाई-बहन थे. हमारे यहाँ तो इस पर बैंड बजता है, अम्मा. आप क्यों काँप रही हैं?"

मिश्राइन भाभी उठल्या. "अच्छा, चलते हैं," म्हणाल्या. जिलब्यांचा पुडा स्टुलावर राहिला, सुतळी अर्धी सुटलेली. रेवाने त्यातली एकच खाल्ली, काळीभोर, पाकाने बोटं चिकट करत. बाकीच्या नर्सबाईंना वाटायला लावल्या.

आत्या विनताशी बोलेनाशी झाली. डबा घेऊन रोज यायची. पोळ्या गरम, भातावर तूप, विनताला आवडते म्हणून तुरीची घट्ट डाळ. डबा ठेवायचा, रेवाचे पाय चेपायचे, निघायचं. विनता म्हणायची, "आत्या, रागावलीस?" आत्या पायच चेपत राहायची. एकदा फक्त भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "तुझी आई गेली तवा मी तुला पोटाशी धरलं. तेच चुकलं काय माझं?"

विनता नथ्थूला पाजत होती. त्याच्या मऊ टाळूवर तिच्या डोळ्यातलं टपटपत राहिलं.

आजीआजोबांचंही रक्त हवं होतं. रामराव पाटणहून पहिल्या बसने आले. रक्त घ्यायच्या खोलीत दोन खुर्च्या शेजारी शेजारी होत्या. तिथल्या माणसाने विचारलं, "आप दोनों आपस में क्या लगते हैं?" रामरावांनी सवयीने बहिणीकडे बघितलं, वर्षानुवर्षं तीच ठरवत आली होती ते कोण लागतात ते. आत्याने पदर सारखा केला. "भाऊ आहे माझा," ती मराठीतच म्हणाली. मग त्या माणसाचा चेहरा बघून, "बड़ा भाई. सगा." सुई टोचली तेव्हा तिने डोळे मिटून घेतले आणि भावाचं मनगट धरलं. लहानपणी देवीची लस टोचायला आले होते, तेव्हा धरलं होतं तसंच, असं रामरावांनी नंतर विनताला सांगितलं.

छोट्या तपासणीचा निकाल आठवड्याच्या आतच आला. ते प्रथिन रेवाच्या रक्तात जवळजवळ नव्हतंच. नेमकी चूक कुठे आहे ते हैदराबादला कळायचं होतं, पण इलाज थांबवायचं कारण नव्हतं. दुसऱ्यांच्या रक्तातला पिवळसर पाण्यासारखा भाग काढून रेवाला द्यायचा, त्यात ते प्रथिन असतं. पुढे कधीतरी, जमलं तर, नथ्थूच्या हाडातला मगज रेवाला द्यायचा, म्हणजे ते प्रथिन तिच्याच अंगात बनायला लागेल. पण ते पुढचं.

पहिली पिवळी पिशवी टांगली तेव्हा रेवा म्हणाली, "मम्मी, कचरा गाडी आली!" आणि ते गाणं म्हणायला लागली. वॉर्डातली दोन पोरंही सामील झाली. नर्सबाई आधी ओरडल्या आणि मग स्वतःच गुणगुणत निघून गेल्या.

आणि खरंच, बरं वाटायला लागलं. गालांवरचं फुलपाखरू फिकं झालं. तोंडातले फोड गेले. तिने वरणभात मागून खाल्ला. आत्या त्या दिवशी पहिल्यांदा विनताशी बोलली. "पाहून राहिली ना? दोन घास जास्त गेले आज." विनताने आत्याचा हात धरला. आत्याने तो सोडवून घेतला नाही.

"आजी, आपण ग्वारीघाटला जाऊ?" रेवाने विचारलं. "धूप गेल्यावर. दिवा सोडू पाण्यात. नथ्थूलाही नेऊ."

"जाऊ, माझे माय. सगळेच जाऊ."

त्यानंतर जे झालं ते फार लवकर झालं. इतक्या वर्षांच्या औषधांनी पोखरलेलं शरीर. कुठूनसा एक जंतू छातीत शिरला आणि दोन दिवसांत डोक्यापर्यंत गेला. टांगलेल्या पिशव्या टांगलेल्याच राहिल्या. शेवटी शेवटी तिने डोळे उघडले तेव्हा खिडकीबाहेर दिवस मावळत होता. "धूप गेली?" तिने विचारलं.

"गेली, बाळा," विनता म्हणाली.

एवढंच.

ग्वारीघाटाला सगळे गेले. रेवाने म्हटलं होतं तसे सगळे.

विजय नगरातल्या घरात त्यानंतर कितीतरी दिवस सकाळी कचऱ्याची गाडी गाणं वाजवत आली की दिवाकर बाथरूममध्ये जाऊन नळ मोठा सोडायचा. शेवटी त्याने गाडीवाल्याला गाठून काहीतरी सांगितलं असावं. त्या गल्लीत आली की गाडी मुकी होऊ लागली. डबे घेऊन बायका आपापल्या दारात आधीच उभ्या राहायच्या. मिश्राइन भाभीही.

अहवाल आला तो पावसाळा सरता सरता. शैलजाबाईंनी स्वतः फोन केला. विनताने तो स्पीकरवर घेतला. मग त्यांनी सांगितलं: तीच एक बिघडलेली जागा, रामरावांमध्येही आणि आत्यामध्येही. त्यांच्या आई किंवा वडिलांकडून दोघा भावंडांना आलेली. रामरावांकडून ती विनताला मिळाली, आत्याकडून दिवाकरला. चौघेही ठणठणीत, कारण प्रत्येकाजवळ दुसरी चांगली प्रत होती. फक्त रेवाला दोन्हीकडून बिघडलेलीच मिळाली.

"और छोटा?" विनताने विचारलं. तिचा हात नथ्थूच्या पाठीवर होता.

"एक अच्छी, एक ख़राब. आपकी तरह. उसे कुछ नहीं होगा."

विनता नथ्थूला घेऊन खाली बसली. नथ्थू तिच्या खांद्यावर चढून फोन ओढायला बघत होता. मग जे विचारायचं नाही असं तिने ठरवलं होतं, तेच तिच्या तोंडून निघालं. "मॅडम, पहली बार पूछा था, तब बता देते तो?"



"झूठ नहीं बोलूँगी," शैलजाबाई म्हणाल्या. "प्लाज़्मा पहले शुरू हो जाता. स्टेरॉइड कम लगते. शायद... मुझे नहीं पता, विनता. सच में नहीं पता. ऐसे बच्चों को हम भी अभी समझ ही रहे हैं. रेवा के ख़ून से समझ रहे हैं."

मागे भिंतीशी आत्या उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. विनताने फोन ठेवला तेव्हा दोघींनी एकमेकींकडे बघितलं, आणि शायद हा शब्द त्यांच्या मध्ये येऊन बसला. तो आता उठून जाणार नव्हता. दोघींपैकी कुणी दुसरीला बोल लावू शकत नव्हती, आणि माफही करू शकत नव्हती, कारण जिची माफी मागायची, ती गेली होती. आत्या हळूच खाली बसली. विनताच्या मागे बसून तिने तिच्या वेणीचा सैल झालेला पेड सोडला आणि बोटांनी केस विंचरायला लागली. तेल घ्यायलाही उठली नाही.

त्या वर्षी सण नव्हता. आकाशकंदील नाही, चकल्यांचा वास नाही. पण भाऊबिजेला रामराव आले. हातात मटाराची लहानशी पिशवी. हंगाम अजून यायचा होता, कुठूनतरी पहिला तोडा मिळवून आणला होता. रेवाला सोलायला आवडायचे. दारात येईपर्यंत ते विसरले असावेत की आता सोलणार कोण. दारात आठवलं. पिशवी हातात तशीच राहिली.

"आत ये, दादा," आत्या म्हणाली.

तिने पुढच्या खोलीत पाट मांडला. मग खिडकीशी गेली आणि तो जाड निळा पडदा दोन्ही हातांनी बाजूला सारला. कड्या खडखडल्या. दारही तिने लावलं नाही. समोर मिश्राइन भाभी पायरीवर उभ्या होत्या. त्यांनी बघितलं: पाट, निरांजन, पाटावर बसलेला समधी. आत्या तबक उचलून त्यांच्याकडे वळली आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "भाई है मेरा. और ये मेरी भतीजी. मेरी पोती इन्हीं दोनों घरों की थी."

मिश्राइन भाभींनी डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि हात जोडले. कुणाला, कशासाठी, ते कळलं नाही.

आत्या ओवाळायला लागली. निरांजनाची ज्योत दिसतच नव्हती, इतका उजेड होता. खिडकीतून सकाळची उन्हाची लांब पट्टी आत आली होती आणि पुढच्या खोलीच्या फरशीवर, बरोबर जिथे रेवा बाहुल्या मांडून बसायची तिथे, पसरली होती. नथ्थू रांगत त्या पट्टीत गेला आणि फरशीवर थापट्या मारायला लागला.

विनता झटकन उठली. तीन ढांगांत खिडकीशी पोहोचली, पडद्याची कड मुठीत धरली, आणि ओढणार, तोच तिचा हात थांबला.

ऊन तिच्या मनगटावर पडलं होतं. गरम होतं.

मागे आत्याचं ओवाळणंही थांबलं होतं. विनता पडद्याची कड मुठीत धरून तशीच उभी राहिली, ना ओढत, ना सोडत.